आजींना मी घरी पाठवलं

१ डिसेंबर २०२१ ला ग्रामीण भागातले पहिली ते चौथीचे वर्ग उघडले, तेव्हा माझं वेळापत्रक तयार होतं. दिवाळीच्या सुट्टीत बसून मी ते कार्डशीटवर रंगीत पेनांनी लिहिलं होतं. परिपाठ, हजेरी, भाषा, गणित, लहान सुट्टी, परिसर, कला, खेळ. शाळा तीन-चार तासच भरवायची होती म्हणून तासिका आखूड केल्या होत्या आणि प्रत्येक रकान्याला वेगळा रंग दिला होता. इथे ज्या चुका सांगणार आहे त्यांतली पहिली हीच, की ते वेळापत्रक मला फार आवडलं होतं.

शाळा नगर जिल्ह्यातल्या घोडेगावच्या बाहेर, एका वस्तीवरची. द्विशिक्षकी. पहिली-दुसरी माझ्याकडे, तिसरी-चौथी सरांकडे. शाळेचं नाव लिहीत नाही, कारण चुका माझ्या आहेत आणि त्यांचा भार तिच्यावर नको. मी राहते नगरला. मुख्यालयी राहण्याचा विषय निघाला की आम्ही शिक्षक मंडळी हवापाण्यावर बोलायला लागतो, मीही तेच करत आले. पण आता सांगायलाच बसले आहे तर हेही सांगते: माझ्या ओळखीचं घोडेगाव सकाळी दहाला सुरू व्हायचं आणि संध्याकाळी पाचला संपायचं. मुलं त्याआधी कुठे असतात, नंतर काय करतात, रात्री किती वाजता झोपतात, हे मला ऐकून माहीत होतं. पाहिलेलं नव्हतं. पुढचं बरंचसं यातूनच झालं.

शाळा उघडली त्या दिवशी अवकाळी पाऊस होता. गारठा असा की नगर-पुणे जिल्ह्यांत मेंढ्या दगावल्याच्या बातम्या दुसऱ्या दिवशी आल्या. एसटीचा संप चालू होता, म्हणून मी काळीपिवळीतून महामार्गावर उतरले आणि चिखल तुडवत वस्तीवर पोचले. वरून आदेश होता की मुलांचं स्वागत करा. आम्ही फुगे लावले होते, दाराला झेंडूचं तोरण होतं, आणि दारातच सर तापमान मोजायची बंदूक घेऊन उभे होते. पहिलं पोरगं डोक्यावर प्लास्टिकची खोळ घेऊन आलं, सरांनी कपाळावर बंदूक धरली, आणि ते जे मागे वळून पळालं ते थेट ओढ्यापर्यंत. आम्ही हसलो. त्याच्या मागे उभी असलेली मुलं हसली नाहीत.

माझ्या खोलीत बसलेलं एकही मूल याआधी शाळेत बसलेलं नव्हतं, हे मला कागदावर माहीत होतं. शाळा मार्च २०२० मध्ये बंद झाल्या. दुसरीची मुलं जून २०२० मध्ये पहिलीत दाखल झाली ती फक्त रजिस्टरमध्ये. पहिलीची तर अंगणवाडीही बुडाली होती. माहीत असूनही मी सगळं असं योजलं होतं, जणू सुट्टी संपवून मुलं परत आली आहेत आणि फक्त गाडी पुन्हा रुळावर आणायची आहे. माझी शाळा वीस महिने बंद पडली होती, ती मला परत हवी होती. फळा, हजेरी, "एक साथ नमस्ते", तासाची घंटा. मुलांची शाळा अजून व्हायचीच होती.

दुसऱ्याच दिवशी मी वाचनपातळी तपासली. प्रारंभिक, अक्षर, शब्द, वाक्य, गोष्ट असे स्तर, एकेकाला जवळ बोलवायचं आणि कार्ड वाचायला द्यायचं. मास्क लावलेली बाई, मध्ये ठेवलेलं अंतर, हातात कार्ड. निम्मी मुलं तोंडच उघडेनात. न बोलणाऱ्यांना मी 'प्रारंभिक'मध्ये टाकलं. त्यांतल्या एकीला सबंध बाराखडी येत होती हे मला मकरसंक्रांतीच्या सुमाराला कळलं. तिच्या चौथीतल्या भावाने ती रोज रात्री घोकून घेतली होती. 'असर' या ग्रामीण भागातल्या शिक्षणाच्या पाहणीत २०२२ साली देशभरातल्या तिसरीच्या मुलांपैकी दुसरीचं पुस्तक वाचू शकणारी २०.५ टक्के निघाली, २०१८ साली ती २७.३ होती. घसरण खरीच होती, त्याबद्दल मला शंका नाही. पण माझ्या वर्गातली त्या आठवड्याची घसरण किती मुलांची आणि किती माझ्या घाईची, हे मला आज सांगता येणार नाही.

आता लघवीच्या नियमाबद्दल. हे लिहायचं की नाही यावर मी बराच विचार केला.

शाळेच्या स्वच्छतागृहाला कुलूप असायचं. बंद काळात कोणीतरी आतला नळ काढून नेला होता, म्हणून किल्ली मी माझ्या पर्समध्ये ठेवायला लागले. नियम सोपा केला होता: लहान सुट्टीत सगळ्यांनी जाऊन यायचं, मध्येच कोणी उठायचं नाही, अगदीच घाई असेल तर करंगळी दाखवायची. मी स्वतः शाळेत असताना हेच होतं, डीएड झाल्यावर पहिल्या शाळेतही हेच होतं, त्यामुळे यात काही समजावून सांगण्यासारखं आहे असं मला वाटलंच नाही. पहिलीतली एक मुलगी, अंगात पिवळा स्वेटर, तिसऱ्या रांगेत बसायची. गणिताच्या तासाला शेजारची मुलं सरकायला लागली म्हणून मी पाहिलं, तर सतरंजी ओली झाली होती. आणि मी सगळ्यांसमोर म्हणाले, "सांगता येत नाही का तुला?"

तिला खरंच सांगता येत नव्हतं. करंगळीचा अर्थ तिला माहीत नव्हता. 'सुट्टी' म्हणजे तिच्या लेखी शाळा सुटणं. सुट्टी झाली म्हटल्यावर ती दप्तर घेऊन फाटकाशी जाऊन उभी राहिली होती, सरांनी तिला परत आणून बसवलं होतं, त्यात वेळ गेला होता. वस्तीवर तिला लागली की ती उसाच्या कडेला जायची. जायला कोणाची परवानगी लागते, त्यासाठी ठरलेली वेळ असते, आणि ती जागा कुलूपबंद असून किल्ली एका अनोळखी बाईच्या पर्समध्ये असते, हे सगळं तिने कुठून शिकावं?

आई दुपारी आली तेव्हा मी जरा बचावाच्या पवित्र्यातच होते. ती भांडली नाही. "तिला वरडू नका मॅडम, ती घरी बी सांगत नाय, उठून जाती नुसती," एवढंच म्हणाली आणि सतरंजी धुवायला मागायला लागली. मी सतरंजी दिली नाही, स्वतः धुतली. ते लाजेने केलं, मोठेपणाने नाही. मुलगी त्यानंतर शाळेत यायची, पण पाणी प्यायची नाही. बाटली भरलेली आणायची, भरलेली न्यायची. हे मला आठवडा-दीड आठवड्याने त्या आईनेच सांगितलं. मी वर्गात असून मला दिसलं नव्हतं.

किल्ली मग दाराजवळच्या खिळ्यावर गेली आणि करंगळी बंद झाली. ज्याला जायचं त्याने उठून जायचं. सरांना वाटलं, वर्ग सगळा बाहेरच राहील. दोन-चार दिवस राहिलाही. किल्लीचंच अप्रूप, कुलूप उघडून पाहायचं आणि लावून परत यायचं. मग ते ओसरलं. पण त्या मुलीशी माझं सुरळीत बोलणं व्हायला उन्हाळा उजाडला.

आणि आजी.

पहिलीत एक मुलगा होता, त्याला त्याची आजी सोडायला यायची. सोडून जायची नाही. वऱ्हांड्यात खांबाला टेकून बसायची, आणि मुलगा खोलीत अशा जागी बसायचा की दारातून तिचं लुगडं दिसत राहील. तो रडत नव्हता, त्रास देत नव्हता. मी काही विचारलं तर आधी बाहेर बघायचा, मग उत्तर द्यायचा, आणि उत्तर बहुतेक बरोबर असायचं. खरं तर तक्रारीला जागाच नव्हती. पण मला ते खटकत होतं. सेवापूर्व प्रशिक्षणात आम्हाला शिकवलं होतं की मूल घरापासून जितक्या लवकर सुटं होईल तितकं बरं, दारातली रेंगाळ लांबवू नये, पालकाने पटकन निघून जावं. शिवाय आता माझ्या हाताशी एक भक्कम कारण होतं. बाहेरच्या व्यक्तींना शाळेच्या आवारात थांबू देऊ नये असं कोरोनाच्या सूचनांत होतंच. त्या सूचनांतल्या निम्म्या गोष्टी आमच्या शाळेत जागेअभावी पाळल्या जात नव्हत्या. ही मात्र मी पाळली.

मी आजींना बाजूला घेऊन सांगितलं, "तुम्ही इथं बसता म्हणून तो रुळत नाही. त्याला सांगा, दुकानातून येते म्हणून, आणि घरी जा." आजींनी माझ्याकडे बघितलं. "खोटं सांगू?" असं विचारलं. मी म्हणाले, सगळे तसंच करतात.

त्यांनी तसंच केलं. मुलगा पहिला तास शांत बसला. नंतर दाराकडे गेला, वऱ्हांडा रिकामा पाहिला आणि परत जागेवर येऊन बसला. मला वाटलं, झालं काम. सरांना मी सांगितलंही, बघा, एका दिवसात. दुसऱ्या दिवशी तो आला. तिसऱ्या दिवशी आला नाही, चौथ्याही नाही, मग येईनाच. निरोप पाठवला तर उत्तर आलं, पोटात दुखतंय. पुन्हा पाठवला, पुन्हा पोटच.

शेवटी एकदा शाळा सुटल्यावर नगरची गाडी पकडायच्या ऐवजी मी त्यांच्या वस्तीवर गेले. डिसेंबरात कांद्याची लागवड जोरात असते. घरातली सगळी कर्ती माणसं वाफ्यांत होती. त्या आठवड्यात शेतीची लाईट रात्रीची होती, म्हणजे मोटार चालू करायला बाप रात्री बाराला उठून जायचा, दिवसा लागवड, आणि मधल्या वेळात डोळा लागेल तेवढी झोप. घरात आजी, नातू आणि एक शेळी. मुलगा मला बघून गोठ्यामागे गेला. आजींनी चहा टाकला.

मी माझं पाठ केलेलं बोलले. सवय लागेल, पहिले दिवस जड जातात, तुम्ही मन घट्ट करा. आजींनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "मॅडम, त्याला नाय. मलाच करमत नाय."

मग त्या सांगत गेल्या. गाव बंद झालं तेव्हा मुलगा चार वर्षांचा. आईबाप पहाटे रानात जायचे. बाजार बंद, भजन बंद, कोणाकडे जाणं बंद. वीस महिने हे दोघं दिवसभर एकमेकांबरोबर होते. एकत्र जेवायचे, एकत्र झोपायचे, शेळीला पाला आणायला एकत्र जायचे. दुसऱ्या लाटेत त्यांच्या बरोबरीच्या दोन बायका गेल्या, त्यांच्या मातीलाही जाता आलं नव्हतं. "ह्यो शाळंत गेला तर घरात भांड्याचा बी आवाज व्हत नाय. मी तिथं बसले व्हते तव्हा निदान पोरांचा कालवा ऐकू यायचा." दुकानातून येते असं सांगून घरी परतल्यावर त्यांना रडू फुटलं होतं, आणि नातवाने घरी आल्यावर ते ओळखलं होतं. पोट त्याचं दुखतच नव्हतं. आजी एकटी राहू नये म्हणून त्याने पोटाचं निमित्त काढलं होतं.

मूल रुळावं म्हणून मी जिला दूर केलं होतं, ती स्वतःच बिचारी नव्याने रुळायला धडपडत होती. मला हे सुचलंसुद्धा नव्हतं. माझ्या डोळ्यांसमोर फक्त मूल होतं. घरचा दिवसही पालटतो, आणि तो पालटताना घरातल्या म्हाताऱ्या माणसाचं काय होतं, हा प्रश्न मी आयुष्यात कोणाला विचारला नव्हता. यात माझंही एक घर आहे. माझी सासू टाळेबंदीत आमच्याकडे होती, आणि मी शाळेत परत जायला लागले तेव्हा ती सारखी डोकं दुखतंय म्हणायची. आम्ही तिचे डोळे तपासून आणले.

आजी परत यायला लागल्या. वऱ्हांड्यात नाही, मीच त्यांना लिंबाखाली बसायला सांगितलं, कारण केंद्रप्रमुख आले तर काय सांगायचं ही भीती मला होतीच. आता कबूल करते, ती भीती मुलापेक्षा मोठी होती. नातू खिडकीपाशी बसायला लागला. काही दिवसांनी आजी मध्येच उठून घरी जाऊन शेळी सोडून यायला लागल्या, जाताना खिडकीशी येऊन सांगून जायच्या: "शेळी सोडून येते." आणि यायच्या. मार्चमध्ये शाळेत शिजवलेली खिचडी सुरू झाली तेव्हा स्वयंपाकाच्या ताईंबरोबर त्या तांदूळ निवडायला बसू लागल्या. नियमात बसत नसेल. नातू तोवर दाराकडे पाठ करून बसायला लागला होता. आजींचं तांदूळ निवडणं त्यानंतरही चालू राहिलं.

झोपाळू मुलांचं जरा पटकन सांगते. माझ्या वर्गात साडेअकराच्या सुमारास तीन-चार मुलं पेंगायची. मी त्यांना उभं करायचे, डोळ्यांना पाणी लावून यायला सांगायचे. कारण शोधायला गेले तेव्हा त्यात माझाच हात निघाला. 'शाळा बंद, पण शिक्षण आहे' या उपक्रमात आम्ही रोज सकाळी दहाला पालकांच्या गटावर अभ्यास टाकायचो. त्या वेळी फोन कुठे, तर बापाच्या खिशात, कांद्याच्या लिलावात नाहीतर ट्रॅक्टरवर. तो घरी यायचा रात्री आठ-नऊला. म्हणजे मुलांचा अभ्यास रात्री नऊ ते अकरा. हे दीड वर्ष चाललं. सह्याद्री वाहिनीवर 'टिलीमिली' मालिका लागायची ती दिवसा, पण तेव्हा मुलं रानात. अभ्यास ही रात्री करायची गोष्ट आहे, असं त्यांच्या अंगात मुरलं ते माझ्या सकाळी दहाच्या संदेशामुळे. एकदा मी एकाला गणित घालून दिलं तर तो शांतपणे म्हणाला, "राती करतो." मी त्याला उद्धट ठरवलं होतं.

ऊसतोडणीवाल्यांच्या एका मुलीबद्दलही मी चुकले, पण उलट्या बाजूने. सोनईच्या मुळा कारखान्याचा हंगाम चालू झाला की आमच्या शिवारात त्यांच्या कोप्या पडतात. तिथून दुसरीच्या वयाची एक मुलगी आली. हिला त्रास होणार, ही टिकणार नाही, असं धरून मी तिला दाराजवळची जागा दिली आणि पुस्तकही द्यायचं लांबवलं. ती सगळ्यांत आधी रुळली. आल्या आल्या तिने पाणी कुठे आहे ते पाहिलं, मोरी पाहिली, कोण मारकुटं आहे ते विचारून घेतलं, आणि माझ्या मुलींना सागरगोट्यांचा एक नवा डाव शिकवला. दर वर्षी नव्या गावात नवी सुरुवात करायची तिला सवय होती. माझ्या वर्गात हे कसब असलेली ती एकटीच, आणि मी तिला दारात बसवून ठेवलं होतं. उन्हाळा लागताना ते बिऱ्हाड उठलं. शिक्षण हमी कार्ड मी भरून दिलं, पण त्यात सागरगोट्यांचा रकाना नसतो.

१० जानेवारी २०२२ ला तिसऱ्या लाटेमुळे शाळा पुन्हा बंद झाल्या. थोड्या दिवसांनी उघडल्या. त्या मधल्या बंदीने मला जे शिकवलं ते डिसेंबरने शिकवलं नव्हतं: मुलं पुन्हा सुरुवातीपासून सुरू झाली नाहीत, मीच झाले. ती आपापल्या जागी येऊन बसली, किल्ली खिळ्यावर आहे का ते एकाने पाहिलं, आणि मी मात्र परत रंगीत वेळापत्रकाकडे धावले, कारण आता आणखी दिवस बुडाले होते. एप्रिलमध्ये नेहमीची सकाळची शाळा न ठेवता पूर्णवेळ शाळा घ्यायचा आदेश आला. पत्र्याखाली दुपारी दोनला गणित शिकवायचा प्रयत्न केला, तो इथे सविस्तर सांगण्याच्या लायकीचा नाही.

आता बाजार. घोडेगाव ज्यांना माहीत आहे ते इथवर वाचून म्हणत असतील, शुक्रवार कसा आला नाही अजून? घोडेगावचा शुक्रवारचा जनावरांचा बाजार लांबवर प्रसिद्ध आहे, विशेषतः म्हशींसाठी. शुक्रवारी माझी हजेरी निम्म्यावर यायची. आजोबांबरोबर जायचं, दोरी धरून उभं राहायचं, भेळ खायची. कोरोनाच्या आधीही हे असायचं. पण २०२२ च्या जूनमध्ये नवीन वर्ष सुरू झालं तेव्हा मी ठरवलं की या वेळी घडी पहिल्यापासून नीट बसवायची, आणि शुक्रवार हा माझ्या मोहिमेचा विषय झाला. गृहभेटी आता मी करू लागले होतेच. प्रत्येक घरी जाऊन सांगितलं, आठवड्यातला एक दिवस म्हणजे वर्षाचे किती दिवस, हिशेब करून दाखवला. लोक ऐकून घ्यायचे, हो मॅडम म्हणायचे.

मग मला वाटलं, बाजारच वर्गात आणावा. एका गुरुवारी खडूने गोठे आखले, पुठ्ठ्याच्या म्हशी केल्या, प्रत्येकीच्या गळ्यात किमतीची चिठ्ठी अडकवली आणि मुलांना खरेदी-विक्री करायला लावली. बेरीज, वजाबाकी, हातचा, सगळं त्यात येईल अशी मांडणी. दुसरीत गेलेला एक मुलगा, व्यापाऱ्याच्या घरातला, बराच वेळ बाजूला उभा राहून बघत होता. "तू का नाही घेत?" विचारलं तर म्हणाला, "मॅडम, म्हशीला चिठ्ठी नसती." मग कशी ठरते किंमत? त्याने माझा रुमाल मागितला, हातावर टाकला आणि रुमालाखाली माझी बोटं धरली. एक बोट म्हणजे इतके, पाच म्हणजे इतके, अर्धं पेर दाबलं तर अमुक. बघणाऱ्याला काही कळत नाही, दलालाला आणि गिऱ्हाइकाला फक्त कळतं. वर्गातल्या निम्म्या मुलांना हे माहीत होतं. दात मोजून जनावराचं वय सांगायचं कसं, ते दुसऱ्या एकाने सांगितलं. माझ्या पुठ्ठ्याच्या म्हशींना दात नव्हते. तास माझ्या हातातून गेला तो गेलाच, आणि हातच्याची वजाबाकी त्या दिवशी झाली नाही.

सप्टेंबरात मात्र शुक्रवारची हजेरी एकदम वाढली. पहिल्या शुक्रवारी वाटलं, योगायोग. पुढच्या शुक्रवारी वर्ग भरलेला. मी हरखले. गृहभेटींचा परिणाम दिसायला जूनपासून सप्टेंबर लागला, पण दिसला. केंद्राच्या शिक्षण परिषदेत मला यशोगाथा सांगायला मिळाली, आणि मी ती सांगितली: सातत्यपूर्ण पालकसंपर्कामुळे बाजारच्या दिवसाची उपस्थिती सुधारली. टाळ्या झाल्या. एका बाईंनी माझा गृहभेटींचा तक्ता मोबाइलमध्ये टिपून घेतला.

वर्ग भरलेला होता पण मुलं गप्प होती, तेही मी माझ्याच खात्यात जमा केलं. शिस्त लागली. रुमालवाला मुलगा तर मान वर करेना. शेवटी त्यालाच विचारलं, आता बाजारला जात नाहीस ना, शाळा आवडायला लागली ना?

"बाजार बंद हाय ना मॅडम," तो म्हणाला. "लम्पी आलाय."

लम्पीची साथ त्या महिन्यात राज्यभर होती आणि नगर जिल्ह्यात जोरात होती. जनावरांचे बाजार सरकारी आदेशाने बंद झाले होते. मी रोज वर्तमानपत्र वाचते. बातमी मी वाचलीही होती, तिचा आणि माझ्या हजेरीपटाचा संबंध लावला नव्हता, इतकंच. त्याच्या घरच्या गाईच्या अंगावर गाठी उठल्या होत्या, ती उठत नव्हती. वर्गात विचारलं तर आणखी चार हात वर झाले. त्या दिवशीच्या रकान्यात भाषा होती. आम्ही कोणाच्या गाईला काय झालंय, डॉक्टर काय म्हणाले, कोणी हळद लावली, कोणी कडुलिंबाचा पाला, हेच बोलत बसलो. फळ्यावर दोन-तीन शब्द लिहिले असतील.

यशोगाथेची दुरुस्ती मी परिषदेत केली नाही. ज्या बाईंनी तक्ता टिपून घेतला होता त्यांना फोन करून सांगितलं, त्या हसल्या आणि म्हणाल्या, आमच्याकडे तर बाजारच नाही, तक्ता तरी राहू द्या. पुढे बाजार उघडला. पहिल्या शुक्रवारी माझ्या वर्गात सात मुलं होती. त्यांत तो नव्हता.